हवालदार लालासाहेब यांनी न्हाणीस दार बसविले त्याची हकीकत

श्री.

कृष्णामाई वाहते आणि तिचे काठी ऊस उभा राहतो, तोवर वाचणारांचे कल्याण असो. पूर्वी थोर थोर जाहले, त्यांनी गड घेतले, गड दिले, तह केले आणि तह मोडले, आणि त्यांचे पदरी लिहिणार होते त्यांनी एकाचे दहा करून लिहिले, सबब ते सर्व मुलखास ठाऊक आहे. परंतु घरचे परड्यात चार फळ्या उभ्या करून त्यांस बिजागरी लावणे, यात किती मसलत, किती शौर्य आणि किती अंगठे खर्ची पडतात, हे कोणी लिहिले नाही. सबब शके १८६८, व्ययनाम संवत्सरी, पौषमासी, सातारा प्रांती, पलूस नजीक मौजे बोरखडी येथे जे वर्तमान घडले, ते लिहिणाराने पाहिले तितके डोळ्यांनी आणि नाही पाहिले तितके कुंपणापलीकडून कानांनी जमवून येथे लिहिले आहे. यात खोटे अक्षर नाही. कोठे फुगले असल्यास तो दोष नव्हे, दस्तूर आहे.

मौजे मजकुरी राजमान्य राजश्री लालासाहेब हवालदार, पलटणबहाद्दर, ऐसे एक गृहस्थ होते. नदीकाठी उसाची जमीन, दावणीस खिल्लारी जोडी, घर कौलारू, मिशा भरदार, आणि बोलणे त्याहून भरदार. यांनी इंग्रजाचे मोठे युद्धात पलटणीबरोबर समुद्र ओलांडून मिसर देशी जाऊन बहुत पराक्रम केला. तो पराक्रम ऐसा की, इटालियन नामे गनीम दुसऱ्या पलटणींनी लढून धरून आणावा, आणि यांनी त्यास तारेचे छावणीत घालून, दारास बाहेरून कडी लावून, बंदूक खांद्यावर घेऊन उभे राहावे. लढाई सरेतो हेच केले. उन्हात केले, वाळूत केले, झोप आली तरी केले. कडी लागली की टाच आपटावी, उलटे फिरावे आणि चालू लागावे, ही चाल त्यांचे हाडीमाशी खिळली. मग लढाई सरली, पलटणीने निरोप दिला, आणि स्वारी आगगाडीने मुलखात येऊन घरी दाखल जाहली, आणि त्या दिवसापासून चावडीपुढे नित्य सांजचा दरबार भरू लागला, त्यात इटालियन रोज थोडे थोडे वाढत गेले.

आता रणभूमीचे वर्णन करणे प्राप्त. घरामागे परडे, परड्यात न्हाणी. तीन अंगांस तुराट्यांचा कूड, शेणमातीने लिंपिलेला, डोक्याइतका उंच. वर मोकळे आभाळ. खाली न्हाणीचा धोंडा. आणि चौथे अंगास, जेथे दार असावे तेथे, एक गोणपाट. त्या गोणपाटावर घरच्या बायकांची सारी अब्रू टांगलेली होती. वारा आला की ते उडावे, शेळीने येऊन त्याची कड खावी, आणि रेडकाने येऊन मुंडके आत घालून खुशाल उभे राहावे. न्हाणीस लागून पाणंद, आणि पाणंदीने उसाच्या गाड्या, मोटेकरी, तालमीची पोरे, बाजारकरी, सर्व मुलखाची रहदारी. सबब बायकांनी कोंबडा आरवण्याचे आधी, काळोखात, दोन तांबे अंगावर ओतून, ओले लुगडे तसेच कवळून घरात पळत यावे, ऐसा पिढीजात शिरस्ता. पौषातला कृष्णाकाठचा गारठा ज्याने सोसला आहे त्यास अधिक सांगणे नलगे.

हवालदारांचे कुटुंब बनुबाईसाहेब. केस कंबरेखाली. ते शिकेकाईने धुवायचे तर ऊन पाहिजे, सवड पाहिजे आणि आडोसा पाहिजे, आणि तिन्ही गोष्टी या बाईस लग्न जाहल्यापासून एके ठिकाणी मिळाल्या नव्हत्या. हवालदार मिसर देशी असता याच बाईने ऊस राखला, बैल राखले, पाण्याची पाळी भाऊबंदांशी भांडून घेतली, सासूचे दुखणे काढले, आणि हे सर्व करून काळोखात न्हाली. हवालदार मध्ये एकदा रजेवर आले होते, तेव्हा त्यांनी वचन दिले होते की, लढाई सरताच न्हाणीस दार करतो. मग जर्मनाचा बंदोबस्त जाहला, जपान्याचा जाहला, त्यासही वर्ष लोटले, परंतु गोणपाटाचा बंदोबस्त काही होईना. बाई दोन वेळा बोलल्या, तिसऱ्या वेळी बोलल्या नाहीत, आणि ही गोष्ट हवालदारांनी खुशालीची समजली. बायको बोलायची थांबली म्हणजे मान्य जाहली, ऐसे समजणारे सरदार आजवर पुष्कळ बुडाले आहेत.

ऐसे असता भोगी जवळ आली. संक्रांतीचे आदले दिवशी बायकांनी तीळ लावून डोईवरून न्हावे, आणि बाजरीची तिळाची भाकरी व भोगीची भाजी करावी, हा आपल्या मुलखाचा जुना धर्म. त्याचे अगोदर काही दिवस एके पहाटे बनुबाईसाहेब न्हात असता रेडकाने नित्याप्रमाणे मुंडके आत घातले, त्याच्या शिंगात गोणपाट अडकले, आणि ते जनावर बुजून गोणपाटासह पाणंदीने नदीकडे चालते जाहले. मागे बाई, तांब्या आणि उजाडू लागलेले आभाळ. हंड्याचे आड दडून बसल्या, दात वाजत राहिले, आणि सासूबाई रंगूबाईसाहेब घोंगडे घेऊन येईतो उसाची एक गाडी पाणंदीने गेलीच. गाडीवान भला माणूस, त्याने तोंड फिरविले. परंतु तोंड फिरविले म्हणजे अगोदर ते इकडे होते, हे बाईंचे मनातून जाईना.

मग बाईसाहेबांनी तांब्याचा हंडा चुलवणावरून उतरविला, अंगणात आणून पालथा घातला, आणि हुकूम फर्माविला तो ऐसा: "भोगीला म्या उजेडात न्हाणार. न्हाणीला दार झालं तर हितं न्हाईन. न्हाई झालं तर ह्या घरात कुणाच्याबी अंगाला ऊन पानी मिळायचं न्हाई. मग तुमी हवालदार असा न्हाईतर लाटसाहेब."

येणेप्रमाणे वेढा बसला. हवालदारांनी प्रथम त्यास हसून पाहिले, आणि दुसरे दिवशी पहाटे विहिरीच्या पाण्याने स्नान केले, आणि त्यानंतर हसले नाहीत. मग मातोश्रींकडे अर्ज गुदरला की, सुनेस चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्या. रंगूबाई तीळ निवडीत होत्या. त्यांनी सूप खाली ठेविले नाही आणि म्हणाल्या, "लाला, माझा उभा जन्म काळोखात न्हाण्यात गेला. पानी अंगावर कुठं पडतंय ते बी कवा दिसलं न्हाई. माझं आता काय ऱ्हायलंय. पर हिचं तरी उजेडात हुंदे." येणेप्रमाणे तोही दरवाजा बंद जाहला, आणि हवालदारांस कळले की दोन्ही फौजा एक जाहल्या आहेत.

मग मसलत बसली. मसलतीस हवालदारांचे भाऊबंद व जिवलग केरबा हजर होते. हे बांध्याने आखूड, हाताने आखूड, परंतु हिमतीने लांब. त्यांनी सल्ला दिला की गावचा सुतार अर्जुना यास बोलवावे. त्यास जासूद पाठविला. अर्जुनाचा जबाब आला की, गुऱ्हाळाचा हंगाम आहे, गाड्यांची चाके दारात पडली आहेत, शिमग्यापावेतो सवड नाही. आणि हत्यारे मागाल तर ती दसऱ्यास पुजलेली, दुसऱ्याचे हाती जात नाहीत. तेव्हा केरबा बोलले, "लाला, गड्या, तूच न्हवं का चावडीत सांगितलंस, की पलटणीत हरेक गडी आपला आपला सुतार आस्तुया?" हवालदारांनी हे सांगितले होते. पाटलांसमक्ष सांगितले होते. आता शब्द फिरवावा तर मिशी उतरते, आणि न फिरवावा तर करवत धरावी लागते. तेव्हा मिशीकडे पाहून करवत धरण्याचा मनसुबा कायम केला, आणि परडे हा मनाईचा मुलूख ठरवून जाहीर केले की, काम पुरे होईतो घरच्या बायकांनी तिकडे फिरकू नये, एकदमच पाहावे आणि थक्क व्हावे.

मोहिमेचा सरंजाम येणेप्रमाणे. फळ्या, हवालदार पलटणीतून येताना ज्या लाकडी खोक्यांत सामान घालून आले त्यांच्या, बहुत चिवट. करवत एक, केरबांचे माळ्यावरची, गंजलेली, पुढचे दात पडलेली. खिळे, मोडक्या गाडीचे उपटून धोंड्यावर ठोकून सरळ केलेले, त्यात काही पुन्हा वाकडे होण्याचे जिद्दीचे. उभे करावयास बाभळीचे दोन खांब. बिजागऱ्या, कडी आणि कोयंडा खासा स्वारीने पलूसचे बाजारी जाऊन आणिला. त्यात कडी मोठी नामी, लोखंडी, मनगटाएवढी. ती पाहून दुकानदाराने विचारिले की वाड्यास पाहिजे की तुरुंगास, तेव्हा हवालदारांनी "दारास" इतकेच उत्तर देऊन ती पटक्यात गुंडाळून आणिली.

मग पहिली चकमक मोजणीची जाहली. हवालदारांनी न्हाणीत उभे राहून आपल्या हाताने जागेची मोजणी केली आणि तेथून हाक देऊन केरबांस कळविले, आणि केरबांनी अंगणात बसून तितकेच हात मोजून फळ्या कापिल्या. मोज बरोबर, परंतु हात निराळे. फळ्या जागेशी नेऊन धरितात तो दार वरून वीतभर आणि खालून दोन विती आखूड. मग दोघांत बाचाबाची होऊन दोघांनीही बाह्या वर सारून हात शेजारी शेजारी धरिले. ते पाहता केरबा म्हणाले, "माझा हात काय आज आखूड झाला? लहानपनापास्नं बघतुयास की." हा जबाब बिनतोड होता. मग पोक्त विचार होऊन खाली उंबरा उंच करावा ऐसे ठरले. विहिरीवरचे धोंडे आणून, चिखल करून, गुडघ्यास लागेल ऐसा उंबरा रचिला. वरची फट तशीच ठेविली, कारण वरून कोण पाहणार, पाखरे आणि देव.

दुसरी चकमक खिळ्यांची. तीत हवालदारांचा डावा अंगठा जाया जाहला, मग केरबांचा जाहला, मग हवालदारांचा तोच पुन्हा जाहला. पलटणीत शिकलेले कित्येक इंग्रजी शब्द त्या दिवशी मौजे बोरखडीत प्रथमच उच्चारिले गेले. परंतु हटले नाहीत. खिळे आरपार काढून पलीकडून ठोकून वाकविले, ते ऐसे की काढू म्हटले तरी फळी फाटेल, खिळा निघणार नाही. मग खांब रोविले, दार टांगिले, आणि दार फिरले. करकर वाजले परंतु फिरले. तेव्हा केरबांस इतका हर्ष जाहला की त्यांनी ते इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवीत बराच वेळ घालविला आणि हवालदारांनी मना केले तरी ऐकले नाही. मग परीक्षेसाठी शेळीस मोकळी सोडिली; तिने येऊन एक धडक दिली, मागे सरून विचार केला, आणि गोणपाटाचे उरलेले तुकडे खाण्यास निघून गेली. रेडकू आले ते दारास नाक लावून उभे राहिले, आणि आत जावयास वाट नाही हे त्याचे ध्यानी येईना, तेव्हा ते तेथेच रवंथ करू लागले. येणेप्रमाणे दोन्ही गनीम नामोहरम जाहले.

शेवटी कडी बसविणे राहिले. ते काम हवालदारांनी दुसऱ्याचे हाती दिले नाही. स्वतः बसविली, आरपार खिळे मारून वाकविले, आणि चार पावले मागे सरून पाहिली, आणि त्यांस परम समाधान जाहले. केरबांनी पाहिली, त्यांस जाहले. पाणंदीने जाणारे दोघे चौघे थांबले, त्यांसही जाहले. सर्वांनी दार पुढून पाहिले, उभे पाहिले, आडवे पाहिले, थाप मारून पाहिले. मग हवालदारांनी घरातून गेरू कालवून आणिला, आणि दाराचे पुढील अंगास ठळक अक्षरे लिहिली की, हवालदार लालासाहेब पलटणवाले यांनी हे दार खासा हाते केले. केरबांनी पुसले की माझे नाव कोठे. त्यास उत्तर मिळाले की फळी सरली.

भोगीचे आदले दिवशी तिसरे प्रहरी दाराचा पाहणीसमारंभ करावा ऐसे ठरवून गावचे पाटील नानासो यांस बोलावणे केले. पाटील वजनदार, हुद्द्यानेही आणि अंगानेही. आले, मिशीवरून हात फिरविला, थाप मारून फळ्या पाहिल्या, आणि म्हणाले की आतून पाहतो. उंच उंबरा ओलांडून कष्टाने आत गेले. तेव्हा हवालदारांनी पाटलांस दाराची घट्टी दाखवावी म्हणून दार लोटिले, हाताने आपोआप कडी घातली, टाच आपटिली, उलटे फिरले, आणि ताठ मानेने चालू लागले ते थेट विहिरीपावेतो गेले. सात समुद्रापलीकडची चाल, ती पायांनी आपली आपण केली. केरबा नारळ घेऊन उभे होते, त्यांनी तो फोडिला. मंडळींनी शाबासकी दिली. मग आतून शब्द आला, "लाला, उघड रं आता."

तो कडी निघेना. दार जोराने आपटता एक खांब कलला होता आणि कडी कोयंड्यात आवळून बसली होती. हवालदारांनी ओढिली, केरबांनी ओढिली, मग दगडाने ठोकिली, त्याने ती अधिक रुतली. मंडळींनी सल्ले दिले: एकाने कूड फोडण्याचा दिला, त्यावर केरबा म्हणाले की मग दार कशास टांगून ठेवावे; दुसऱ्याने पाटलांस वरून उचलून घेण्याचा दिला, तो आत ऐकू गेला. कुडावर पाटलांचा पटका तेवढा दिसत होता, तो रागाने थरथरला. "म्या गावचा पाटील. मला कूड वलांडून काढता व्हय, शेरडावानी?" मग चौघे जण मिळून दारावर खांदे देऊन तुटून पडले. खांदे दुखावले, दार हालले नाही. हवालदारांचे मुखावर ते समयी एके बाजूस काळजी आणि एके बाजूस अभिमान ऐसे दोन रंग दिसत होते, आणि अभिमान काही लपेना. दरम्यान पाटलांनी तंबाखूची मागणी केली, ती चंची काठीस बांधून कुडावरून पोचती केली, त्यामुळे काही काळ तहकुबी जाहली.

तेव्हा गलबला ऐकून बनुबाईसाहेब मनाईचा मुलूख ओलांडून परड्यात आल्या. हाती खोबरेलाची वाटी होती, उद्याच्या न्हाणासाठी काढून ठेविलेली. हवालदार लढाईवर असता गोठ्याचे दार असेच रुसत असे, सबब या रोगाची त्यांस माहिती. त्यांनी कडीवर तेल सोडिले, पायाने दार खालून उचलून धरिले, आणि कडी सारिली. पाटील बाहेर आले, नारळाचा तुकडा घेतला, दार मजबूत आहे ऐसा अभिप्राय देऊन, परंतु कोणाकडे न पाहता, निघून गेले.

मग बाईसाहेब स्वतः आत गेल्या आणि दार लोटून घेतले. बाहेर मंडळी तारीफ ऐकण्यास उभी राहिली. आत हात फिरत असल्याचा आवाज आला, फळीवरून, खांबावरून, पुन्हा फळीवरून. मग पुसले, "आवं, कडी कुठं हाय?"

हवालदार म्हणाले, "भायेर हाय की."

"आन् म्या कुठं हाय?"

हवालदारांनी विचार केला आणि म्हणाले, "आत."

"मंग न्हाताना मला कोंडनार कोन, आन् उघडनार कोन, तेबी ठरवून ठिवा."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, मग कडीकडे पाहिले. रवंथ करणारे रेडकू तेवढे ऐकू येत होते. इतक्या जणांनी दार पाहिले, थाप मारिली, मान डोलविली, परंतु एकानेही बाहेर उभे राहून पाहण्याखेरीज दुसरे काही केले नव्हते; गडी माणसे जन्मभर विहिरीवर उघड्यावर न्हालेली, त्यांस आत उभे राहून दाराकडे पाहण्याचा प्रसंगच आला नव्हता. पाटील आत गेले त्यांसही कळले नाही, त्यांस वाटले की कडी बाहेर असते म्हणूनच ती कडी. लिहिणारास येथे लाज वाटते, कारण लिहिणाराही कुंपणापलीकडून दार छान आहे म्हणून ओरडला होता.

बाई बाहेर आल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मान खाली घालून, वाटीत तेल किती उरले ते पाहत घरात गेल्या. हवालदारांनी पलटणीत साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, वाळूचे वादळ खाल्ले होते, परंतु ती खाली घातलेली मान त्यांस सोसली नाही. उद्या भोगी. दिवस कासराभर राहिला. कडी काढावी तर खिळे आरपार वाकलेले, फळ्या फाटतील, आणि दुसऱ्या फळ्या मुलखात नाहीत. केरबा खाली बसून कपाळास हात लावून म्हणाले, "लाला, एकच हाय गड्या. आक्खं दारच उलटं टांगायचं. म्होरलं आत, आतलं म्होरं."

उपाय नामी होता, परंतु त्यात एक मरण होते. पुढील अंग म्हणजे ज्यावर नाव लिहिले ते. ते आत गेले म्हणजे पाणंदीने जाणारा येणारा कोणी वाचणार नाही. आणि बाहेर येणार ते वाकड्या खिळ्यांचे अंग, साळिंदरासारखे, ते पाहून अर्जुना सुतार शिमग्यापावेतो हसणार. हवालदार त्या अक्षरांपुढे उभे राहिले. एकवार पाणंदीकडे पाहिले, एकवार घराकडे पाहिले, घरात दिवा लागला नव्हता. मग म्हणाले, "धर त्या अंगानं."

आणि मग दार उतरविले, आणि बिजागऱ्या उकलल्या, आणि कललेला खांब पुन्हा ठोकून धोंडे भरून पक्का केला, आणि कोयंडा आतले अंगास मारिला, आणि हवालदारांचा तोच अंगठा पुन्हा एकदा कामास आला, आणि दार उलटे टांगिले. दिवेलागणीस कडी आतून लागली. केरबा आत होते, ते परीक्षा घेण्यास कडी लावून बसले आणि मोठ्याने सांगू लागले की, झकास लागते, निघतेही, पुन्हा लागते. त्यांस बाहेर काढण्यास थोडी रदबदली करावी लागली.

भोगीचे दिवशी हंडा उताणा जाहला. चुलवण पेटले, पाणी कढले, आणि सूर्य उसावर येऊन परड्यात ऊन पडले, तेव्हा बनुबाईसाहेब शिकेकाईचे भांडे, तिळाची वाटी आणि धुतले लुगडे घेऊन, पाणंद रहदारीने भरून वाहत असता, कोणाची पर्वा न करिता न्हाणीत गेल्या. कडी वाजली. हवालदार काठी घेऊन दारापासून दहा पावलांवर, पाठ करून, पहाऱ्यावर उभे राहिले. हुकूम कोणी केला नव्हता. रेडकू आले, त्यास परतविले. उसाच्या गाड्या गेल्या. पाटील गेले, त्यांनी वाट वाकडी केली. आत तांब्यामागून तांब्या पडत होता, घाई नव्हती. मध्येच पाणी थांबे, आणि ज्या ओव्या जात्यावर म्हणायच्या त्या न्हाणीत ऐकू येत. भाकऱ्या थापण्याची वेळ आली, ती गेली. हवालदारांस भूक लागली तरी पहारा सोडिला नाही.

इतक्यात मोरीतून जे पाणी अळवाचे आळ्यात वाहत होते ते तांबडे आले. हवालदारांनी ते पाहिले मात्र, काठी टाकिली आणि दाराशी धावले आणि ओरडले की काय लागले, कोठे लागले. आत हसण्याचा आवाज जाहला. बाई हसत होत्या तो थांबेचना, तांब्या धोंड्यावर पडला तरी थांबेना. मग म्हणाल्या, "आवं, मला काय बी झालं न्हाई. तुमचं नाव व्हाऊन चाललंय."

हवालदार आळ्यापाशी उभे राहून आपले नाव अळवास जाताना पाहत राहिले. प्रथम मिशी उतरली, मग एका बाजूने वर आली, आणि मग तेही हसू लागले, आणि केरबा कुडापलीकडून काय जाहले म्हणून पुसू लागले. नाव गेले, सबब येथे लिहून ठेविले आहे.

बाई बाहेर आल्या तेव्हा ऊन चांगले तापले होते. केस मोकळे, पाठीवरून खाली सोडिलेले, त्यांतून पाणी गळत होते. हवालदार टाकिलेली काठी उचलण्यास वाकले, ते वाकूनच पाहत राहिले. बाईंनी लागलीच हंडा पुन्हा भरून चुलवणावर चढविला आणि पाणी उकळून घेतले. रंगूबाई ओसरीवर बसल्या होत्या, त्यांस म्हणाल्या, "आत्याबाई, पानी ठिवलंय. जावा."

रंगूबाई म्हणाल्या की आता या वयात कशास, पहाटे न्हाले आहे, भाजी करपेल. सुनेने लुगडे त्यांचे खांद्यावर टाकिले आणि हात धरून उंबऱ्यापावेतो नेले. म्हातारीने उंबऱ्यावर पाय ठेविला, उन्हात तळपणारे ओले धोंडे पाहिले, आणि आत गेल्या. दार लागले. कडी चाचपण्यास वेळ लागला. हाती लागली, पुन्हा सुटली, मग खटकन बसली.

पाणी पडू लागले. पडले, थांबले, पुन्हा पडले. बराच वेळ जाहला. ताटे वाढून ठेविली होती. तेव्हा हवालदारांनी दारापाशी जाऊन काळजीने पुसले, "आये, कडी निघंल न्हवं?"

आतून जबाब आला, "न्हाई निघाली तरी चालतंय. तू जा."

येणेप्रमाणे मौजे बोरखडी येथील न्हाणी, शके १८६८ पौषमासी, भोगीचे दिवशी, भर उन्हात, कडी आतून लागून फत्ते जाहली. आपल्याकडील जखमी अंगठे दोन, गनिमाकडील शेळी एक नाराज. रंगूबाईसाहेब बाहेर आल्यावर लेखणी ठेवावी ऐसा विचार होता. त्या अद्याप आत आहेत.